गव्हाच्या शेताखालची खोली

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे, आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, डोळे टिपतात. मला तेवढी सवड नाही, माझी बॅटरी फार लवकर उतरते. तेव्हा जे घडलं ते सरळ सांगतो. मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर जयवंत परबची खोली आहे. त्या खोलीतल्या फ्रिजवर मी असतो. माझी काच उजव्या कोपऱ्यात तडकली आहे. आवाजाचं बटण आत गेलंय ते बाहेर येत नाही. चार्जरची वायर जरा उचलून धरली, तिच्याखाली काडेपेटी सारली, तरच माझ्यात वीज शिरते. पाठीवर फुलपाखराचं स्टिकर आहे, त्याचा एक पंख गेला आहे.

खोलीत माणसं पाच. जयवंत एका कुरिअरच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याची बायको कमल परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते. मुलगा निलेश कॉलेजात आहे, मुलगी आकांक्षा सातवीत. आणि दाराजवळच्या खाटेवर जयवंतचे वडील, कुशाबा आजोबा. गिरणीत त्यांची उभी हयात गेली. मागांच्या आवाजाने कान गेले, म्हणून टीव्हीचा आवाज असा मोठा, की जाहिरात लागली की शेजारच्या खोलीतलं बाळ दचकून उठतं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला माहीत नाही. मला जाग आली ती दादरच्या एका दुकानात, जयवंतच्या हातात. शाळा बंद पडल्या होत्या, वर्ग घरात भरत होते, आणि निलेशला नववीचा अभ्यास करायचा होता. काय माझे लाड झाले तेव्हा! निलेश मला शर्टाच्या टोकाने पुसायचा. आकांक्षाला मला हात लावायची बंदी होती. दसऱ्याला कमलने माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि मला नमस्कार केला. फुलाचं पाणी माझ्या फटीत जाईल की काय म्हणून निलेश केवढा ओरडला होता.

वर्ग संपला की निलेश माझ्यावर एक खेळ खेळायचा. तुमच्यातल्या पुष्कळांना तो माहीत असेल. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. झाड तोडा, दगड खणा, ठोकळ्यावर ठोकळा रचून घर बांधा. चार मित्र आपापल्या घरी बसून एकाच जगात राहू शकतात. निलेश, त्याच चाळीतला हर्षवर्धन आणि आणखी दोघं अशा चौघांनी मिळून एक गाव वसवलं. त्या गावातल्या निलेशच्या माणसाला निळा शर्ट होता आणि त्याच्या डोक्यावर नाव तरंगायचं, ‘निलेश बॉस’.

मग शाळा उघडल्या. दहावी झाली आणि निलेशला मोबाइल मिळाला. त्यावर त्याने नव्या नावाचा नवा माणूस घेतला, आणि जुना ‘निलेश बॉस’ माझ्यात तसाच पडून राहिला. मी आकांक्षाकडे गेलो. तिच्या हातून पडलो, काच तडकली, आणि माझी रवानगी फ्रिजवर झाली, लोणच्याची बरणी आणि आजोबांच्या गोळ्यांचा डबा यांच्यामध्ये. माझ्यावर तेलकट धूळ बसली. कुणी नंबर लिहायला कागद शोधत आलं तर मला बाजूला सारायचं, एवढाच काय तो स्पर्श. ते दिवस मी मुकाट्याने काढले. त्याचा मला राग नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

गेल्या वर्षी मेच्या शेवटी निलेशने मला फ्रिजवरून खाली काढलं आणि कमलसमोर धरलं.

“आई, एक काम कर ना. तू अडीच-तीनला घरी येतेस. हा खेळ उघडायचा. गहू पिकला की कापायचा, परत पेरायचा, गाईंना घालायचा. बस. आम्हाला कोणाला वेळ नसतो.”

“मला येणार आहे का ते?” कमलने विचारलं. ती तेव्हा भाजी निवडत होती.

“सोपंय गं. डावा अंगठा चालायला, उजवं बोट कापायला. डोकं लागत नाही त्याला.”

ऐकलंत? सकाळी पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, दुपारपर्यंत खिडकीवर रोग्यांची नावं लिहिणारी बाई. घरी आली की सासऱ्यांचा चहा, कपडे, रेशन, संध्याकाळचा स्वयंपाक. तिला मुलाने खेळातसुद्धा घरकामाला लावलं! आणि ती ‘बरं’ म्हणाली. तिचं ते ‘बरं’ ऐकून मला तेव्हाच बंद पडावंसं वाटलं होतं.

सुरुवातीला तिची फार तारांबळ उडाली. चालायला गेली की पाण्यात पडायची. गाईला चारा घालायच्या ऐवजी तिने एका गाईला मारूनच टाकलं आणि “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला. दिवसभर हळहळत होती. पण हात बसला. पंधरवड्यात तिचं शेत असं झालं की पाहत राहावं. तिने पाट काढला, कुंपण घातलं, कोंबड्या पाळल्या. चार मुलांच्या गावाला तिचा गहू पुरून उरायचा. संध्याकाळी निलेश मोबाइलवर गावात शिरायचा, कोठार बघायचा आणि विचारायचा, “आई, आज गहू कमी का?” बाकी काही नाही. कधीच काही नाही.

एके दुपारी कोंबडीच्या मागे धावताना कमलचा माणूस शेताच्या कडेच्या एका खड्ड्यात पडला. खाली काळोख होता. वर यायचा रस्ता सापडेना. टीव्हीवर कुठली तरी मारामारी चालली होती, गॅलरीत दोन बाया पाण्यावरून तावातावाने बोलत होत्या, खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती. कमलने माझी काच डोळ्यांजवळ आणली. खड्ड्यात काहीच नव्हतं. दगडी भिंती आणि अंधार. ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने अगदी हळू म्हणाली, “इथं बरं आहे.”

दुसऱ्या दिवशी गहू कापून झाल्यावर ती पुन्हा त्या खड्ड्यात उतरली. या खेपेला हातात कुदळ होती.

मित्रांनो, अख्खा पावसाळा ती खोली घडत होती. रोज थोडी थोडी. कपडे दोरीवर वाळेनात, खोलीभर ओला वास, आणि त्यात ती खिडकीशी मला मांडीवर घेऊन बसायची. तिने दगड तासला. नदीच्या पल्याड पांढरा दगड मिळतो, तो तिथून वाहून आणला. येताना दोनदा मेली, दोन्ही वेळा सगळा दगड गेला, पुन्हा गेली. जमिनीला लाकडाच्या फळ्या बसवल्या. मागची भिंत फोडून तिथे काच लावली. पलीकडे तळं होतं, त्यामुळे काचेतून मासे जाताना दिसायचे. छताला एकच दिवा. छताच्या वर गव्हाचं शेत. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे याची कल्पनाही येऊ नये.

ही गोष्ट आकांक्षाच्या लक्षात आली, कारण ती एकदा शाळेतून लवकर आली होती. आईच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, “आई! हे तू बनवलंस?”

“ओरडू नको.”

“कोणाला नाही सांगत. पण दार असं उघडं का? सीक्रेट रूमला भिंत सरकायला पाहिजे. पिस्टन लाव. त्याला लोखंड लागतं आणि लाल पावडर. मी दाखवते.” मग तिने आत नजर फिरवली. “आत काय ठेवणार?”

“काही नाही.”

“मग कशाला बांधलीस?”

“कशाला म्हणजे? बसायला.”

आकांक्षाला काही ते कळलं नाही. कमलने तिचे केस मागे सारले. “दिवसभर खिडकीतून नुसते हात येत असतात बघ माझ्यासमोर. कागद धरलेले हात. घरी आलं की हाका. तिथं नाही ना कोणी हाक मारत.”

लोखंड शेतात पिकत नाही. ते गावाच्या कोठारात होतं. कमलने चार वड्या घेतल्या. आणि ज्या दिवशी कळ दाबल्यावर पांढरी भिंत खरोखरच बाजूला सरकली, त्या दिवशी ती एवढ्या मोठ्याने हसली की आजोबांनी मान वळवून पाहिलं. हसताना तिचा चेहरा माझ्या काचेवर वाकला होता. माझ्या पाठीवर तिने दोन थापा मारल्या. माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक एवढंच, पण ते झेंडूच्या फुलाहून मोठं होतं.

आता ऐका. त्या चार वड्या हर्षवर्धनला कोठारात कमी दिसल्या. कोणी काय काढलं याची नोंद तो खेळ ठेवतो. नाव निघालं, ‘निलेश बॉस’. मित्रांनी निलेशला चोर म्हटलं. निलेश फोन कानाला लावून भडकला, “मी तो माणूस वापरतच नाही रे! थांब, मला माहितीय कोण आहे ते.” आणि तो आकांक्षावर धावून गेला. ती गणित सोडवत बसली होती.

“टॅबला हात लावलास ना तू? माझी इज्जत गेली सगळ्यांसमोर! कुठे टाकलंस लोखंड?”

त्याने तिची वही भिरकावली. आकांक्षाने आईकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. बोलली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी पुस्तकावर पडत होतं, तरी बोलली नाही.

“तिला कशाला बोलतोस?” कमल म्हणाली. “मी घेतलं.”

“तू? तुला कशाला पाहिजे लोखंड?”

“तुमच्या गावाचा गहू कोण पिकवतं? चौघं जण बसून खाता ना? मग मी चार वड्या घेतल्या तर चोरी झाली?”

“अगं, पण तू केलंस काय त्याचं?”

“आहे माझं काहीतरी.”

कमलने विषय तिथेच संपवला. निलेशच्या डोक्यात मात्र तो संपला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. कमल कामावर आणि आकांक्षा शाळेत गेल्यावर हर्षवर्धन घरी आला. आईचं जे काही असेल ते शेतातच असणार म्हणून दोघांनी मोबाइलवर शेत उकरायला सुरुवात केली आणि लवकरच पांढऱ्या भिंतीशी पोचले. भिंत सरकली. दोघंही मोबाइलवर वाकले. मला वाटलं, आता निलेश म्हणेल, अरे वा, आईने केवढं छान केलंय. मी वेडा.

“काहीच नाय आत!” निलेश म्हणाला, आणि खो खो हसत सुटला.

“भाऊ, व्हिडिओ काढू याचा,” हर्षवर्धन म्हणाला. “टॅब घे. आईलाच उभी कर मध्ये.”

निलेशने मला फ्रिजवरून ओढलं. कमलचा माणूस त्या खोलीच्या मधोमध उभा केला. मग त्यांनी खोलीत डुकरं सोडली. एक, दोन, इतकी की पांढरी भिंत दिसेना. मग कोपऱ्याकोपऱ्यात सुरुंग रचले. हर्षवर्धन त्याच्या मोबाइलवर सगळं टिपत होता. पलीकडे खाटेवर आजोबांना डुलकी लागली होती.

मला हात असते तर मी त्या पोराचं बोट धरलं असतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. माझ्याजवळ नुसती काच आहे, आणि त्या काचेवरच निलेशचं बोट आलं. स्फोट झाला. मागची भिंत गेली, तळं आत घुसलं, वरचं गव्हाचं शेत खाली कोसळलं. मासे चिखलात उडत राहिले.

संध्याकाळी जयवंत कामावरून आला तो हसतच. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “कमल, इकडे ये. फेमस झालीस तू. चाळीच्या ग्रुपवर फिरतोय व्हिडिओ.”

कमल कणीक मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी आली. व्हिडिओत निलेशचा आवाज होता. “तर दोस्तांनो, आज आपण बघणार आहोत माझ्या आईची सीक्रेट रूम! आत काय असेल? सोनं? हिरे? बघा! काहीच नाय! आमच्या आईने चोरून ठेवली काय, तर हवा!” पुढे डुकरं. पुढे हसणं. पुढे धूर.

जयवंतच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. निलेश पलंगावर पडून गालात हसत होता.

“परत लावा,” कमल म्हणाली.

जयवंतने परत लावला. तिने पुन्हा शेवटपर्यंत पाहिला. मासे उडेपर्यंत.

“तुम्ही हसलात ह्याला?”

“मग काय रडू?” जयवंत म्हणाला. “खेळ आहे तो, अगं. आणि मला सांग, तुला चोरून खोली बांधायची गरजच काय पडली? हे अख्खं घर तुझंच तर आहे.”

“माझं आहे?”

“मग कोणाचं?”

“मग दाखवा,” कमल म्हणाली. “ह्यात माझी जागा कुठली, ते दाखवा.”

जयवंत आधी हसला. मग त्याने खोलीत नजर फिरवली. खाटेवर वडील होते. पलंगावर निलेश. टेबलावर आकांक्षाची पुस्तकं, खुर्चीवर त्याची स्वतःची बॅग. खुंट्यांवर बापलेकांचे शर्ट. कपाटाच्या खालच्या खणात कमलच्या साड्या होत्या, पण त्यांच्यावर इस्त्री ठेवलेली होती. जयवंतचा हात वर झाला, थोडा इकडे तिकडे फिरला आणि शेवटी ओट्याकडे गेला. ओट्यावर अर्धी मळलेली कणीक होती. बोट तसंच धरून तो उभा राहिला. मग आपण काय दाखवलं ते त्याला कळलं असावं, कारण हात हळूहळू खाली आला.

“बघितलंत?” कमल म्हणाली.

आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

“आई, सॉरी ना,” निलेश उठून बसला. “एवढं काय त्यात? मी परत बनवून देतो. पाच मिनिटांचं काम. ह्याहून भारी बनवतो, सोफा टाकतो, झुंबर लावतो...”

कमल त्याच्याकडे वळली. मी तिला इतकी वर्षं पाहतो आहे, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता.

“पाच मिनिटांत? मला अख्खा पावसाळा लागला, निलेश. तुझाच गहू कापता कापता. तू म्हणतोस आत काही नव्हतं. नव्हतंच! मला तिथे काही नकोच होतं. तुझी बॅग नको, ह्यांचे शर्ट नकोत, कोणी ‘आई, माझं कुठंय’ विचारायला नको. तेवढी एकच जागा होती मला, ती पण खोटी, ठोकळ्यांची. ती पण तुला बघवली नाही. डुकरं सोडलीस तू माझ्या अंगावर! आणि चाळभर दाखवलंस!”

कमल ओट्याकडे गेली आणि उरलेली कणीक मळली. त्या दिवशीच्या चपात्या सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ल्या.

त्यानंतर तिने मला हातात घेतलं नाही. शेतात गहू पिकून उभा राहिला. गावातलं कोठार रिकामं झालं, मित्रांनी निलेशच्या मागे लकडा लावला. त्याने आकांक्षाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “डोकं लागत नाही त्याला. तूच काप.”

आणि मग तो रविवार आला. नाश्ता झाला, कमलने पदर खोचला आणि शिडी माळ्याला लावली. आमच्या खोलीला अर्ध्या भागावर पोटमाळा आहे. त्याला पुढून फळ्या ठोकलेल्या आणि शिडीच्या तोंडाशी चौकोनी भोक. आजवर तिथे फक्त नको असलेल्या वस्तू गेल्या. मलाही एकदा तिथे पाठवायचं चाललं होतं. कमल वर चढली आणि एकेक वस्तू खाली द्यायला लागली. आकांक्षा ती घेऊन बाहेर गॅलरीत ठेवायला लागली. फुटकी बॅट. बंद पडलेला मिक्सर. वायरींचा गुंता. थर्माकोलचं मखर. जयवंतच्या पहिल्या नोकरीतले कागद. पाती नसलेला पंखा.

गॅलरीत माणसं जमली. शेजारची मेघना म्हणाली, “काय गं कमल, खोली सोडताय की काय?”

“सोडत नाय. घेतेय.”

जयवंत खाली दूध आणायला गेला होता, तो आला आणि दारातच थबकला. “डोकं फिरलंय का तुझं? लोक बघतायत!”

“बघू दे. व्हिडिओ पण काढू दे.”

“अगं, पण हे सगळं...”

“ह्यातलं जे पाहिजे ते खाली ठेवा. वर काही जाणार नाही.”

“खाली जागा कुठाय?”

“तेच तर मी तुम्हाला विचारत होते,” कमल वरून म्हणाली.

जयवंतने दुधाची पिशवी आत ठेवली. मग त्याने कागदांचा गठ्ठा उचलला, चाळला आणि रद्दीत टाकला.

आजोबांची पत्र्याची पेटी भोकापाशी आली तेव्हा कमल थांबली. “बाबा, ही तुमच्या खाटेखाली सरकवते. चालेल?”

“सरकव,” आजोबा म्हणाले. मग वर बघून म्हणाले, “पण थंय लय उकडता गो. एक बारको पंखो लाव.”

त्या दिवशी घरातल्या पुरुषांपैकी एकानेच उपयोगाचं काही सांगितलं, ते हे.

सर्वांत शेवटी कॅरम निघाला. जयवंत पुढे झाला. “त्याला हात लावू नको हां. चाळीचा चँपियन होतो मी.”

“पॉकेटं फाटलीत. एक पट्टी सुटलीय. शेवटचं कधी खेळलात?”

जयवंत बोटांवर वर्षं मोजायला लागला. कमलने कॅरम भोकावर ठेवून पाहिला. झाकणासारखा मापात बसला. तिने दोन बिजागऱ्या आणि एक कडी आधीच आणून ठेवली होती. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती शिडीवर बसली. निलेश जवळ आला. “दे आई, मी लावतो.”

“तू लावू नको. शिडी धर.”

दुपारभर त्याने शिडी धरली. त्याला फोन आले, त्याने घेतले नाहीत. स्क्रू कमलच्या हातातून निसटून एकदा त्याच्या कपाळावर पडला, त्याने तो उचलून वर दिला. कमलने मधला वेळ साधून वर फडकं फिरवलं, एक चटई टाकली आणि वायर ओढून दिवा लावला. उभं राहता येत नाही तिथे. बसता येतं.

चार वाजायच्या सुमारास ती खाली आली, हात धुतले. मला फ्रिजवरून उचललं, ओल्या फडक्याने माझ्यावरचा तेलकटपणा पुसला, काडेपेटी सारून वायर लावली. मला वाटलं, आता ती मला घेऊन वर जाणार. तिने मला परत फ्रिजवर ठेवलं आणि एकटीच वर गेली. कॅरमचं झाकण खाली आलं. आतून कडी सरकली.

मला लागलं ते. खोटं कशाला बोलू? मग माझ्या ध्यानात आलं, की मीही त्या घरातली एक हाकच आहे. घुर्र घुर्र करून बोलावणारी.

खाली जयवंतला चष्मा सापडेना. त्याने सवयीने वर पाहून “कमल...” म्हटलं. उत्तर आलं नाही. त्याने स्वतः शोधायला सुरुवात केली.

मित्रांनो, आता मला तुम्हाला उपदेश केला पाहिजे. माझ्यासारख्या वस्तू जपून वापरा, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. वापरा जपून. पण माझी काच फुटली तर बदलून मिळते. तुमच्या घरातलं कोणी एका कोपऱ्यात बसून काही बांधत असेल, कागदाचं, दोऱ्याचं, मातीचं, ठोकळ्यांचं, तर ते जपा. ते तुम्हाला फालतू दिसेल, रिकामं दिसेल, हसूही येईल. हसून व्हिडिओ काढणारे लगेच भेटतील तुम्हाला, हर्षवर्धनसारखे. त्यांच्या हातात हात देऊ नका. ज्या बाईने तुम्हाला आयुष्यभर जागा करून दिली, तिने कुठे चार ठोकळ्यांची जागा घेतली तर तिथे डुकरं सोडू नका! हे सांगायला लागतं, याचाच मला संताप येतो.

दिवेलागणीच्या आधी निलेश शिडी चढला. त्याने कॅरम ढकलायला हात वर नेला. हात तसाच हवेत थांबला. मग बोट दुमडून त्याने फळीवर हळूच टकटक केलं.

“आई, मी आहे. येऊ?”

“नको,” वरून कमलचा आवाज आला.

मग शिडी वाजू नये म्हणून एकेक पाय जपून टाकत तो खाली उतरला.

एवढंच करायचं असतं, मित्रांनो. वाजवायचं, आणि ‘नको’ आलं की उतरायचं. एवढं शिकायला आमच्या घरात एक खोली उडावी लागली.